माती गनीची, कातळ मुसाचा

"माती गनीची, कातळ मुसाचा," असं अकबरचाचा म्हणाले आणि वाटणी संपली.

मासूमाच्या सासऱ्याचा चाळिसावा दिवस होऊन गेला होता. ओटीवर अकबरचाचांसह जमातीची चार जाणती माणसं बसली होती. गनी थोरला, जन्मभर मळ्यात खपलेला. त्याने मान हलवली. मुसा धाकटा, बोटीवरचा खलाशी. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या बंदरातून त्याला मुंबईची बोट धरायची होती आणि त्याचं चित्त आधीच तिच्यावर चढून बसलं होतं. त्यानेही मान हलवली. पडद्याआड उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, मासूमाने, मान हलवली नाही. पण तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"आणि विहीर?" तिने पडद्यामागूनच विचारलं.

अकबरचाचा दचकले. विहीर त्यांच्या ध्यानातच नव्हती. "विहीर मळ्यात हाय, पण पाणी अल्लाचं. दोन्ही घरांनी भरावं. मात्र मळ्याच्या मातीत पाय घालायचा नाय. वाटेने जा, वाटेने ये."

मळा खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला होता. तिथे गनीचं घर, नारळीची रांग, वांग्यामिरच्यांचे वाफे आणि वर्षानुवर्षं शेण खाऊन काळी झालेली माती. मुसाचं घर चढण चढून वर सड्यावर. दारासमोर नजर पोचेल तिथवर जांभा दगड, इतका सलग की शेळी बांधायला खुंटी ठोकायची सोय नव्हती. मासूमा दाव्याचं टोक एका चिऱ्याला बांधी, आणि शेळी कधी कधी चिऱ्यासकट चार पावलं पुढे सरके.

घरात दोघीच, मासूमा आणि तिची सासू हफीजा. म्हातारीला दात उरले नव्हते; जीभ मात्र शाबूत होती.

वाटणीनंतर पहिल्यांदा पाण्याला गेली तेव्हा मासूमाचा हात सवयीने माठाच्या वाफ्याकडे वळला. तो वाफा तिनेच पेरला होता. तोच पलीकडून तिची थोरली जाऊ सईदा धावत आली.

"असं नको गो. मागून घेत जा. मी काय नाय म्हणणार हाय?"

तिने वाकून एक जुडी खुडली आणि दगडी गडग्यावरून पुढे केली. पानं पिवळी होती, निम्मी किडीने जाळी केलेली. मासूमाने ती घेतली. घ्यावीच लागली, कारण दोन बायका विहिरीवर उभ्या राहून बघत होत्या.

हफीजाने जुडी उलटीसुलटी करून पाहिली. "शेळीला घाल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नको. शेळीने काय पाप केलंय?"

मासूमा हसली, पण त्या दिवसापासून ती मळ्यातल्या वाटेने खाली मान घालून जाई आणि खाली मान घालून येई.

काम तिने खाडीकाठी शोधलं. तिथे गंगुबाईची झाप होती, झावळ्यांनी शाकारलेली. गंगुबाई विधवा, आरे गाव तिचं माहेर, सुंभ वळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नारळाची सोडणं, वरची जाड सालं, खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, भरती-ओहोटीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजू द्यायची, मग उपसून दगडावर ठेवून दांडक्याने बडवायची. बडवता बडवता काथ्या मोकळा होतो आणि मधला मऊ भाग भुशासारखा गळून पडतो. दिवसभर बडवून मासूमाचे खांदे भरून येत. बोटांना सुरकुत्या पडत, नखं तपकिरी होत, आणि कितीही घासलं तरी अंगाला कुजक्या खाडीचा वास राही.

काथ्याला मोल होतं. भुशाला नव्हतं. ओला भुसा जळत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. तो फावड्याने मागे लोटून द्यायचा. झापेमागे त्याची टेकाडं झाली होती. काही ताजी, काही गंगुबाईच्या सासूच्या वेळची.

दिवाळीच्या सुमाराला एके दुपारी मासूमा भाकरी खायला मागच्या जुन्या टेकाडाच्या सावलीला बसली आणि तिला माठ दिसला. लाल माठ. टेकाडाच्या अगदी अंगावर, अंगठ्याएवढ्या जाड देठाचा, एका पानाला भोक नाही.

तिने भाकरी बाजूला ठेवली आणि रोपाच्या बुडाशी हात घातला. भुसा. कोपरापर्यंत हात घातला. आतही भुसाच, गार आणि ओलसर. पाऊस जाऊन कितीतरी दिवस झाले होते, तरी ओलसर.

"गंगुबाय, ह्याला माती खंय हाय गो?"

"कचऱ्यात उगवलंय मेलं. कुठून बी पडलं कुणास ठाऊक. खायचं तर खा, नायतर दे टाकून."

"पण माती खंय हाय?"

"नसेल! तुला कोडी सुचतायत आणि माझी सोडणं सुकतायत. ऊठ."

मासूमा उठली, पण दिवसभर दांडकं चालवताना तिच्या डोळ्यांपुढून तो देठ हलेना.

संध्याकाळी तिने टोपलीभर भुसा मागितला. गंगुबाई म्हणाली, सगळा ने, वर मी दुवा देईन. मासूमाने हाताशी होता तो, त्या आठवड्यात बडवलेला ताजा भुसा भरला आणि चढण चढली. रोज येताना एक टोपली. सड्यावर जुनी चिऱ्याची खाण होती. तिथले फुटके चिरे आणून तिने कातळावर चौकट मांडली आणि तीत भुसा ओतला. माठ पेरला, भेंडीचं बी टोचलं, थोडी मिरची टाकली.

"कातळावर भाजी लावतंस?" हफीजा दारातून म्हणाली. "मग जाताजाता समुद्रात भातपण लाव."

बी रुजलं. मासूमा दिवसातून चारदा वाकून बघे. इवलीशी लाल पानं वर आली, आणि तिला वाटलं, झालं. मग पानांच्या कडा करपल्या. तिने पाणी जास्त घातलं, रोपं आणखी करपली. कमी घातलं, तरी करपली. झावळ्यांची सावली केली. शेवटी सगळी रोपं जळक्या काड्यांसारखी आडवी झाली.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. ती हंडा घेऊन विहिरीवर गेली की गनी वाफ्यातून हाक मारी, "काय गो, कातळ फुलला काय?" आणि त्याचा गडी फिदीफिदी हसे. गनी मनाने दुष्ट नव्हता. पण तोंडातून गेलेला विनोद लोकांना आवडला की तो पुन्हा पुन्हा करायचा, ही त्याची खोड होती.

चौकट मोडायला म्हणून मासूमा एका सकाळी बाहेर आली. भुशाची वरची कड वाळली होती आणि तिच्यावर पांढरी पुटं धरली होती. ती पाहून तिला काहीतरी आठवू लागलं. असलं पांढरं तिने कुठेतरी रोज पाहिलं होतं. मग तिला कळलं, कुठे. घरात आढ्याला टांगलेल्या खाऱ्या बांगड्यावर.

तिने चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली.

खारट. नुसतं खारट.

ती कातळावर तशीच बसली. सोडणं खाडीत कुजवलेली. खाडीचं पाणी म्हणजे मीठच. मग जुन्या टेकाडावरचा माठ? त्याच्यावर किती पावसाळे गेले होते! पावसाने तो भुसा धुऊन काढला होता. आणि खारा बांगडा कालवणात टाकण्याआधी ती काय करत होती? पाण्यात भिजत घालायची, पाणी ओतायची, पुन्हा भिजत घालायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हे करत आली होती. सासूनेच शिकवलं होतं.

"अम्मा," तिने आत हाक मारली, "बांगडा खारटच लागणार! भिजवलाच नव्हता."

"आज बांगडा खंयचा?" हफीजा म्हणाली.

इतका भुसा धुवायचा तर विहिरीचं पाणी वर नेऊन कंबर मोडली असती. मासूमाने उलटं केलं. मळ्याच्या खालच्या अंगाला, वाटेच्या कडेने पऱ्या वाहत होता. तिने भुशाच्या टोपल्याच त्या वाहत्या पाण्यात ठेवल्या, वर धोंडे ठेवले. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं तांबडं वाहिलं. मग फिकं, मग स्वच्छ. टोपली झाली की नाही हे ठरवायला तिने हफीजाला कामाला लावलं. म्हातारी पऱ्याच्या काठी दगडावर बसे, चिमूट जिभेवर ठेवी, डोळे मिटी आणि निकाल देई.

"ही खारट."

"ही?"

"ही आळणी. तू रांधलेल्या डाळीसारखी."

जी टोपली आळणी ती वर चौकटीत.

या वेळी रोपं जळली नाहीत. पण वाढलीही नाहीत. पिवळट, केविलवाणी, पाहुण्यासारखी अवघडून उभी. मासूमा विचार करी. धुताना मीठ गेलं, तसं अंगातलं सगळंच गेलं असणार. जुन्या टेकाडावर गंगुबाईच्या कोंबड्या वर्षानुवर्षं घाण करत आल्या होत्या. इथे आहे काय? नुसती ओल. मग खायला आपण घातलं पाहिजे.

तिने एका मडक्यात शेळीच्या लेंड्या भिजवल्या. दुसऱ्यात खाडीवर फुकट मिळणारी मासळीची डोकी आणि आतडी, पाणी घालून, तोंड फडक्याने बांधून. ते मडकं उघडलं की शेळीसुद्धा तोंड फिरवी. त्यातलं करवंटीभर पाणी हंडाभर पाण्यात पातळ करून ती रोपांच्या बुडाशी घाली. पहिल्यांदा तिने घट्ट घातलं आणि एक ओळ मेली. पुढच्या वेळी पातळ केलं. चुलीतली राख चाळून वर भुरभुरली.

आणि मग ती रोपं उठली.

उठली म्हणजे कशी, ते बघायला हफीजा रोज सकाळी काठी टेकत बाहेर येऊ लागली. माठ तळहाताएवढ्या पानांचा झाला. भेंडीला फुलं लागली. वांग्याची रोपं मासूमाने नंतर लावली होती, तीही काळपट हिरवी होऊन रुंद झाली. सड्यावर दुपारी ऊन असं तापे की अनवाणी पाय ठेववत नसे, पण भुशात बोट खुपसलं की दुसऱ्या पेरापाशी गारवा लागे. खाली गनी रोज मोटेचं पाणी वाफ्यांना फिरवत होता. वर मासूमा एका दिवसाआड दोन हंडे नेत होती आणि तेवढ्यावर भागत होतं. चौकटी वाढल्या. सड्यावर चिऱ्यांचा तोटा नव्हता आणि झापेमागे भुशाचा नव्हता.

फाल्गुनात गनीच्या वांग्यांना मर लागली. दर वर्षी लागे. सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी मान टाकी आणि दुसऱ्या दिवशी मेलेलं असे. मुळाशी, मातीतच काहीतरी होतं. गनी झाडं उपटून गडग्यावर फेकी आणि शिव्या देई. वर कातळावर मासूमाची वांगी जांभळी होऊन लोंबत होती. एकानेही मान टाकली नव्हती.

बाजाराच्या दिवशी ती गंगुबाईबरोबर तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे गेली. तिने फडकं पसरून वांगी, भेंडी आणि माठ मांडला. एक जाडजूड बामणीण माठाची जुडी हातात धरून म्हणाली, "अगो, पान कसं तुकतुकीत! कुठल्या मळ्यातला म्हणायचा?"

"मळ्यातला नाय. कातळावरचा."

"कातळावर काय उगवतं, धोंडे?"

"धोंडेपण देईन. आधी माठ न्या."

बायका हसल्या आणि टोपली बघता बघता रिकामी झाली. तिथून हाताच्या अंतरावर गनी आपली उरलीसुरली किडकी वांगी मांडून बसला होता. त्याच्याकडे कुणी थांबलं नाही. परतताना तो त्याच तरीत होता, पण पाठ फिरवून बसला.

दुसऱ्या दिवशी मासूमा हंडा घेऊन खाली गेली तर वाटेवर करवंदीच्या काट्यांची शिरी आडवी टाकलेली. पलीकडे गनी कंबरेवर हात ठेवून उभा.

"हे काय गनीभाय?"

"कातळावर भाजी होत नाय. माझ्या बापाने केली नाय, आज्याने केली नाय. पऱ्यावरून टोपल्या भरभरून काय नेत होतंस ते आता कळलं. माझ्या मळ्याची माती चोरलंस तू. चोराला पाणी नाय."

"तो भुसा होता. धुतलेला."

"भुसा धुवून कोण काय करतो? मना वेडा समजतंस?"

विहिरीवरच्या बायका वळून बघू लागल्या. पऱ्याकडे जायची वाटही तीच, म्हणून मासूमा रिकामा हंडा घेऊन वर आली. दुसरी गोडी विहीर खाडीच्या वळणापलीकडे होती. तिथून दोन माणसांचं आणि शेळीचं पाणी आणता आलं असतं कसंबसं. चौकटींचं नाही. आणि चोरीचा डाग घेऊन या वाडीत राहायचं, तर उद्या घर तरी कुठे राहणार होतं? ती मातीवर नव्हे तर अकबरचाचांच्या शब्दावर उभी होती. शब्द मोडला असं ठरलं की सगळं गेलं.

भांड्यात उरलेलं पाणी तिने त्या दिवशी सासूला दिलं. हफीजा अर्धं प्याली आणि अर्धं तिने काठी टेकत जाऊन वांग्याच्या बुडाशी ओतलं.

"काय करतंस अम्मा!"

"गनीने गाऱ्हाणं नेलंय. शुक्रवारी जमात येईल तेव्हा मान टाकलेली नको दिसायला. ना झाडाची, ना तुझी."

शुक्रवारी नमाज झाल्यावर माणसं सड्यावर आली. पुढे अकबरचाचा, मागे गनी, मागे निम्मी वाडी. गंगुबाईसुद्धा दांडकं टाकून आली होती. मासूमा डोक्यावरून ओढणी घेऊन चौकटीशी उभी राहिली. या वेळी पडदा नव्हता. कातळावर पडदा लावायला जागा नसते.

अकबरचाचांनी भेंडीचं एक रोप उपटलं. मुळं पांढऱ्या केसांच्या अंबाड्यासारखी निघाली, मध्ये काळपट ओला गोळा. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. "काळी हाय," ते पुटपुटले.

"शेण घातलेली माती हाय ती!" गनी म्हणाला. "रंग ओळखतो मी."

"लेंड्यांच्या पाण्याने काळा झालाय," मासूमा म्हणाली. "हात घालून बघा चाचा. कातळापर्यंत घाला."

"वर भुसा पसरलाय दाखवायला. खाली माती हाय. मी सांगेन तिथला काढा."

"तुम्हीच काढा," मासूमा म्हणाली.

गनी गुडघ्यावर बसला. मधली चौकट निवडली आणि कोपरापर्यंत हात घातला. नखं दगडावर करकरली. तळातला मूठभर गोळा त्याने वर काढला. तोही काळा, तोही ओला. चौघांनी हाताळला. एक म्हणाला माती, एक म्हणाला नाही.

"अरे, माझ्याकडे आणा तो," दारातून हफीजा म्हणाली. "इतके पुरुष मिळून एक मूठ ओळखता येत नाय?"

तिने दारापुढे तीन चिऱ्यांची चूल मांडून आधीच विस्तव केला होता. त्यावर भाकरीचा तवा. तिने गनीच्या हातातला गोळा तव्यावर टाकला आणि उलथन्याने पसरला. "आता तुझ्या मळ्याची माती आण. जा."

गडी धावत जाऊन ओंजळभर घेऊन आला. तीही तव्याच्या दुसऱ्या कडेला पडली.

दोन्हींतून वाफ निघाली. लोक वाकून बघत राहिले. मासूमाला एकदम वाटलं, भुसा न पेटला तर? लेंड्यांचा चिखल त्यात जास्त असला तर? वाफ सरली. गनीची माती वाळली, तिला भेग पडली आणि ती तव्यावर भाकरीसारखी गुमान बसून राहिली.

दुसऱ्या कडेहून धुराची एक निळी रेघ वर आली.

अकबरचाचांनी नाक वर केलं. तो वास तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या अंगात मुरलेला होता. पहाटे न्हाणीच्या चुलीत पाणी तापवायला जे जळतं, त्याचा वास.

"सोडण," म्हातारा म्हणाला. "अरे, हे सोडण जळतंय!"

तेवढ्यात भुशाच्या कडेला लाल ठिणगी धरली आणि ती सरकत सरकत आत गेली. हफीजाने फुंकर घातली. भुरकन ज्योत उठली.

"काय रे गन्या," ती मुलाला म्हणाली, "तुझी माती पेटते काय? फुंकर मारून बघू?"

आधी गंगुबाई हसली, मग विहिरीवरच्या त्या दोन बायका, मग सगळा सडा. गनीचा गडीही हसला, आणि मालकाकडे बघून खोकला काढू लागला.

अकबरचाचा हसले नाहीत. ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "मी वाटणीत दोन नावं घेतली. माती आणि कातळ. भुशाचं नाव मी घेतलं नाय, गनीने मागितलं नाय, मुसाने मागितलं नाय. सगळ्यांनी टाकलेलं हिने उचललं. ते हिचं." मग गनीकडे वळून, "वाटेवरची शिरी ज्या हाताने टाकलीस त्याच हाताने काढ. आणि मासूमा..."

"जी चाचा."

"ती उपटलेली भेंडी पुन्हा लागेल काय? नाय तर चार भेंड्या हायत तिला. फुकट कशाला घालवायच्या?"

मासूमाने चार नाही, उपरणं भरून दिल्या.

वाट मोकळी करताना गनीच्या बोटात काटा मोडला. सईदाने तो सुईने काढला, आणि काढता काढता ती काय बोलली हे कुणी ऐकलं नाही. पण दोन दिवसांनी मासूमा झापेत सोडणं बडवत असताना सईदा टोपली घेऊन आली. ताज्या भुशाच्या ढिगाशी घुटमळली.

"गंगुबाय, नेऊ काय गो थोडा? वांग्यांना... ह्यांनी सांगितलंय."

"ने. फुकट हाय."

सईदाने टोपली भरली, चुंबळ ठेवली, उचलून डोक्यावर घेतली आणि निघाली. मासूमाचं दांडकं थांबलं. गंगुबाईने तिच्याकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि हळूच म्हटलं, "गप बस. करपू दे त्यांची. कळू दे."

पिवळ्या माठाची जुडी मासूमाला आठवली. सईदा वाळूवरून हळूहळू लांब चालली होती.

"भाभी!" मासूमाने हाक मारली. "जरा थांबा. ह्यातला चाखून बघा."

"काय? भुसा चाखू?"

"चाखा तर."

सईदाने संशयाने चिमूट जिभेवर ठेवली. तिचं तोंड एका क्षणात वाकडं झालं, आणि थू थू करत तिने पदराने जीभ पुसली. गंगुबाई पोट धरून बसली.

"बांगडा हाय तो," मासूमा म्हणाली. "पऱ्यात ठेवा, आळणी लागेपर्यंत धुवा. कळलं नाय तर अम्माला बोलवा. तिच्या जिभेवर हल्ली फार काम हाय."

ती पुन्हा दगडाशी बसली आणि दांडकं उचललं. त्या संध्याकाळी हंडा घेऊन ती मळ्याच्या वाटेने विहिरीवर गेली तेव्हा तिची मान वर होती. पऱ्यात खालच्या अंगाला एक टोपली बुडवलेली होती, वर धोंडा ठेवलेला, आणि पाणी तांबडं वाहत होतं. काठावर गनी उकिडवा बसून, कुणी बघत नाही अशी खात्री करून, भुशात खुपसलेलं बोट तोंडात घालत होता.